सहा किलोंत गुहागर

रेवदंड्याच्या पुलाच्या अलीकडे शहाळी विकणाऱ्या एका बाईच्या बाकावर मी टेकले, ती पुन्हा उठलेच नाही. उठायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण उजवा गुडघा सुजून असा गच्च झाला होता की धड वाकेना, धड सरळ होईना. पाठीवरची सॅक उतरवायला माझ्या नणंदेला दोन्ही हात लावावे लागले. तिने ती बाकावर ठेवली, माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

आमच्या चालण्याचा तो तिसरा दिवस होता. करंजाहून लाँचने रेवसला उतरायचं आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत गुहागर गाठायचं, असा आम्हा दोघींचा बेत. मी तेव्हा बावन्न वर्षांची, नणंद माझ्याहून चार वर्षांनी लहान. मी वाशीच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आणि ती नेरूळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. या चालण्यासाठी तिने दोन वर्षं रजा साठवली होती. लग्नकार्यात मोडली नाही, तापात मोडली नाही. नवरा गेल्यानंतर तिने स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती, आणि तीही माझ्याकडे. "वहिनी, तू येशील का? एकटीने मला जमेल, पण मजा येणार नाही."

आणि तिसऱ्या दिवशी मी तिला घेऊन परत निघाले होते.

माझा नवरा नेरूळहून गाडी घेऊन आला. सॅक डिकीत टाकताना त्याचा हात खाली गेला. "अगं, आहे काय यात?"

नणंद आधीच मागच्या सीटवर बसली होती. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सगळं आहे, दादा. इस्त्री तेवढी राहिली."

नवरा हसला. मीही हसले. ती हसली नाही. पेणला चहाला थांबलो तेव्हाही ती गाडीतच बसून राहिली. घरी पोचल्यावर मी म्हटलं, "सॉरी गं." ती म्हणाली, "गुडघ्याला बर्फ लाव," आणि आपल्या घरी निघून गेली.

गुडघा दीड महिन्यात बरा झाला. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, पाय हलवून पाहिला आणि म्हणाले, "काही विशेष नाही. वजन कमी करा."

"माझं की सॅकचं?"

त्यांना वाटलं मी विनोद करतेय. मग घरी आल्यावर नवऱ्याने बाथरूमच्या काट्यावर तोललेलं सॅकचं वजन मी सांगितलं. तेरा किलो चारशे. त्यांनी चष्मा काढला. "पाणी धरून?" पाणी न धरता, म्हटलं. "मग आधी सॅकचं करा."

त्या रविवारी मी हॉलमधला टीपॉय बाजूला सरकवला आणि सॅक तशीच्या तशी चटईवर पालथी केली. रेवदंड्याहून आल्यापासून ती उघडलीच नव्हती. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन बसले. लॅबमध्ये मिलिग्रॅमपर्यंतचं काम करणारी बाई मी, आणि स्वतःच्या पाठीवर काय ठेवलं होतं ते निघण्याआधी तोलून पाहिलं नव्हतं. दोन टर्किश टॉवेल. चार पंजाबी ड्रेस. डिसेंबरात रेनकोट. शिवाय छत्री. कपडे वाळत घालायची दोरी आणि डझनभर चिमटे. चकल्यांचा स्टीलचा डबा, लोणच्याचा वेगळा. गरम पाण्याची रबरी पिशवी. आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड, कारण उतरू तिथे प्लग पलंगापासून लांब असला तर.

तो बोर्ड हातात धरून मी बराच वेळ बसले. हसू यायला हवं होतं, आलं नाही. कारण तो सॅकमध्ये टाकताना मला किती शहाणपणाचं वाटलं होतं, ते आठवत होतं. घरात, लॅबमध्ये, बिल्डिंगमध्ये कुणाला काही लागलं की लोक माझ्याकडे येतात. सेफ्टी पिन, डोकेदुखीची गोळी, सुईदोरा, सुटे पैसे. "तिच्या पर्समध्ये असणारच," असं कुणी म्हटलं की मला आतून बरं वाटतं. अगदी शाळेत असल्यापासून मी दोन पट्ट्या नेत असे. एक माझी आणि एक जी विसरेल तिची. तीच मी तेरा किलो पाठीवर घेऊन वाळूतून चालले होते.

नणंदेला फोन लावला. दोन महिन्यांत आम्ही कामापुरतंच बोललो होतो.

"वन्सं, पुन्हा जाऊया." लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला तिला वन्सं म्हणायला सांगितलं होतं. ती तेव्हा कॉलेजात होती आणि खो खो हसली होती. तेव्हापासून गंभीर काही बोलायचं असलं की मी तिला वन्सं म्हणते.

"रजा कुठून आणू?"

"पुढच्या वर्षीपर्यंत साठेल थोडी. मी थांबते."

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "एका अटीवर. तुझी सॅक मी बघणार."

ती आली, चटईवर मांडी घालून बसली आणि एकेक वस्तू उचलून एकच प्रश्न विचारायला लागली. "तीन दिवसांत हे कितीदा काढलंस?" छत्री? एकदाही नाही. बॅटरी? एकदा. दुसरी बॅटरी? ती पहिली बंद पडली तर म्हणून होती. त्रेसष्ट वस्तूंपैकी अकरा मी खरोखर वापरल्या होत्या. टर्किश टॉवेल गेले. त्यांच्या जागी नवऱ्याच्या कपाटातला एक सुती पंचा आला, जो मुठीत मावतो आणि तासाभरात वाळतो. चार ड्रेसच्या जागी दोन टीशर्ट आणि दोन पॅन्ट, त्यातलं एकेक अंगावर. साबणाची अर्धी वडी. पाणी एक लिटर, कारण दर पाच-सहा किलोमीटरवर गाव आहे आणि गावात पाणी आहे. चार्जर दोघींत एक. चकल्या आम्ही तिथेच बसून खाल्ल्या.

औषधांच्या पिशवीपाशी भांडण झालं. ती सव्वा किलोची होती आणि मी ती सोडायला तयार नव्हते. नणंदेने चेन उघडली आणि आतून तिच्याच थायरॉइडच्या गोळ्यांची दोन पाकिटं काढली.

"या मी माझ्या सॅकमध्ये नेल्या होत्या."

"तू विसरलीस तर, म्हणून मी पण घेतल्या."

तिने सॅकच्या तळाशी पडलेल्या सँडलचा जोड वर धरला. "आणि हे? तुला तर मोठे होतात."

"तुझ्या मापाचे आहेत. तुझा बूट तुटला असता तर?"

तिने सँडल मांडीवर ठेवले. मग अगदी सावकाश म्हणाली, "वहिनी, माझ्यासाठी घेतलेल्या सामानाने तुझा गुडघा गेला आणि त्यानेच माझी रजा गेली. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, माझी गोळी मला आठवते. माझं मी बघीन. तू फक्त चाल माझ्याबरोबर."

मला राग आला. खरं सांगते, खूप राग आला. इतकं जिवापाड करायचं आणि हे ऐकायचं. मी उठून ओट्यापाशी गेले, उगाच भांडी लावली. चहा टाकला. चहा उकळेपर्यंत राग उतरला आणि त्याच्या जागी जे उरलं ते जास्त अवघड होतं, कारण ती बरोबर होती. दोन कप घेऊन बाहेर आले आणि औषधांच्या पिशवीतून एक क्रेप बँडेज, सहा गोळ्या आणि ओआरएसची चार पाकिटं वेगळी काढली. बाकीचं कपाटात परत गेलं. नणंदेने काट्यावर ठेवून पाहिलं. एकशे साठ ग्रॅम. "शाब्बास," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

राहिली खुद्द सॅक. ती महागाची होती, रिकामी असतानाच दोन किलोंची. नेरूळच्या मार्केटात जिन्याखाली बॅगा दुरुस्त करणारे एक काका बसतात, मूळचे नांदेडकडचे. त्यांना म्हटलं, हे पट्टे, हे कप्पे, ही लोखंडी पट्टी, सगळं कापून काढा.

"कामून कापता, ताई? चांगला माल हाय की."

कारण सांगितलं. त्यांनी कात्री खाली ठेवली. सॅक उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, "ही कापून बी हलकी व्हायची नाय. हिचं कापडच जड हाय. नवी शिवू का? छत्रीच्या कापडाची?" मी शंका काढली, फाटेल. ते जरा दुखावले. "पट्ट्याला आतून डबल शिलाई देतो. फाटली तर माझ्या तोंडावर आणून टाका." आठ दिवसांनी त्यांनी मला एक निळी सॅक दिली. घडी केली तर ओंजळीत मावेल अशी. खांद्याच्या पट्ट्यांत जुन्या योगा मॅटचे तुकडे घातले होते. घरी काट्यावर ठेवली. चारशे दहा ग्रॅम. मी परत जाऊन त्यांना आकडा सांगितला तेव्हा त्यांनी शेजारच्या किल्लीवाल्यालाही ऐकवला. नणंदेनेही आपल्यासाठी तशीच एक शिवून घेतली, हिरवी.

मग सरावाला लागले. पहाटे पारसिकची टेकडी, रविवारी पाम बीच रोडने बेलापूरपर्यंत आणि परत. कामाच्या दिवशी सोसायटीचे चौदा मजले, सॅक घालून, तीनदा. वॉचमनने पहिल्या आठवड्यात दोनदा येऊन सांगितलं, "मॅडम, लिफ्ट चालू हाय." सुरुवातीला गुडघ्याची ताकद वाढवायला म्हणून मी जुनीच सॅक भरून चालत होते. एका सकाळी बेलापूरजवळच्या दिवाळे गावातून आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशी गेटपाशी भेटल्या. त्यांनी गंमत म्हणून सॅक उचलून पाहिली.

"आगं बाय! कवरा वजन हाय ये!"

"तुमच्या टोपलीपेक्षा कमीच असेल, मावशी."

"माजे टोपलीन वजन हाय, पन मी इकत इकत जातं. दुपारपरत टोपली खाली. तुजा काय इकाचा हाय काय?"

विकायला माझ्याकडे काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी निळी सॅक घेतली.

पुढच्या वर्षी डिसेंबर सरता सरता आम्ही निघालो. या वेळी करंजापर्यंत रिक्षा नाही. नणंदच म्हणाली, घराच्या गेटपासून चालत निघू, म्हणजे अर्धवट सोडायला लाज वाटेल. माझी सॅक पाच किलो दोनशे, एक लिटर पाणी धरून सहा दोनशे. तिची थोडी कमी. बेलापूर, खाडीपूल, उलवे, जासई. कंटेनरचे ट्रेलर अंगावरून गेल्यासारखे जात होते, तोंडात धूळ, रस्त्याच्या कडेला चालायला धड जागा नाही. सगळ्या प्रवासातला सर्वांत वाईट दिवस तो. पण चार वाजता आम्ही उरणात नणंदेच्या मैत्रिणीच्या दारात उभ्या होतो आणि मला बसावंसं वाटत नव्हतं. मैत्रीण म्हणाली, मोरा बंदरावरून ताजी सुरमई आणलीय, आधी जेवा.

चौथ्या दिवशी रेवदंडा आलं. शहाळीवाली बाई तीच होती. तिने मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं. नणंदेने दोन शहाळी घेतली. आम्ही ती उभ्यानेच प्यालो. बाक रिकामा होता, पण दोघींपैकी कुणीही त्याच्याकडे गेलं नाही. मग पूल ओलांडला. पुलाच्या मध्यावर वारा इतका होता की सॅक पाठीवर फडफडली आणि मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. समोरून येणारा मोटारसायकलवाला दचकला, एवढं आठवतं.

त्यानंतरचे दिवस मी हाताच्या बोटांवर मोजत नव्हते, तर गावांनी मोजत होते. काशीद, मुरुड. राजपुरीहून होडीने दिघी. दिवेआगर, श्रीवर्धन. हरिहरेश्वर मागे टाकून बागमांडल्याला बोट. संध्याकाळी कुणाच्या तरी घरी उतरायचं, टीशर्ट धुवायचा, पंचा दांडीवर टाकायचा. सकाळी सामान भरायला मला चार मिनिटं लागायची. आयुष्यात कधी एवढ्या लवकर घराबाहेर पडले नव्हते.

केळशीहून आंजर्ल्याकडे जाताना नणंदेच्या डाव्या बुटाचा सोल निघाला. नुसता उसवला नाही, पुढून टाचेपर्यंत उघडला. भर दुपार, गाव चार किलोमीटर लांब. मी त्या बुटाकडे पाहिलं. ते सँडल माझ्या कपाटात, नेरूळला. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "बोलू नकोस. एक शब्द बोलू नकोस." तिने दोन्ही बूट काढले, नाड्यांना नाड्या बांधून गळ्यात अडकवले आणि ओल्या वाळूवरून अनवाणी चालायला लागली. थोडं गेल्यावर मागे वळून म्हणाली, "खरं तर छान वाटतंय." मीही बूट काढले.

आडे गावाजवळ किनाऱ्यावर एक म्हातारे गृहस्थ जाळं शिवत बसले होते. नणंदेने बूट त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो नाकापाशी नेल्यासारखा जवळून पाहिला.

"जाळा शिवतो मी, बाय. चांभार नाय."

"मग जाळ्यासारखा शिवा."

त्यांनी जाड सुई काढली, नायलॉनचा दोरा ओवला आणि सोलच्या कडेकडेने टाके घालत गेले. मधेच विचारलं, खंयसून आल्यात? नेरूळहून चालत, म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. "मग जादा टाके घालतो," म्हणाले. तासाभरात बूट तयार होता. पैसे घेईनात. नणंदेने तो घालून किनाऱ्यावर दोन उड्या मारल्या आणि ते दात नसलेलं तोंड उघडून हसले. गुहागरपर्यंत तो सोल हलला नाही.

मी मात्र त्या संध्याकाळी स्वतःशीच कबूल केलं की मला हायसं वाटत होतं. ज्याची भीती वाटून मी सँडल वाहिले होते ते घडलं होतं, आणि माझ्याशिवाय निभावलं होतं.

शेवटची परीक्षा शेवटच्या दिवशी. दाभोळच्या मुक्कामी नणंदेचं पोट बिघडलं. सकाळपर्यंत ती पांढरीफटक. मी ओआरएस पाजलं, दहा वाजेपर्यंत थांबायला लावलं. "एक दिवस राहू," म्हटलं.

"परवा मला कॉलेजात हजर व्हायचंय. बोटीत बस गुपचूप."

खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो. तिथून चढ सुरू होतो आणि गुहागर अजून वीसेक किलोमीटर. पहिल्या वळणाला ती रस्त्याकडेच्या दगडावर बसली. माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. बाकावर बसले होते तेव्हा माझी तशीच असणार.

"दे इकडे," मी म्हटलं.

"काय?"

"सॅक."

"वहिनी, गुडघा."

"माझा गुडघा माझा मी बघीन. दे."

तिने निमूटपणे हिरवी सॅक काढली. मी ती पुढून छातीवर घातली. निळी मागे, हिरवी पुढे. चालायला लागले. गुडघ्याने काही तक्रार केली नाही. वळणावर वळणं घेत चढ वर जात होता, खाली खाडी लांब लांब होत होती, आणि मी आपल्या सवयीने मनात बेरीज करत होते. माझं सहा दोनशे. तिचं साडेपाच. एकदम थांबले आणि हसायला लागले.

"काय झालं?" ती मागून धापा टाकत आली.

"दोन्ही मिळून अकरा किलो सातशे. माझी पहिली एकटीची सॅक याहून जड होती."

ती रस्त्यातच कंबरेवर हात ठेवून अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "म्हणजे त्या वेळी तू मलाच पाठीवर घेऊन निघाली होतीस!"

चढ संपेपर्यंत दोन्ही सॅक माझ्याकडे होत्या. वर एका टपरीवर तिने लिंबूपाणी घेतलं, अर्धा तास सावलीत आडवी झाली आणि उठून आपली सॅक मागून घेतली. आम्ही सावकाश चाललो. दर तासाला थांबलो. सूर्य मावळायला थोडा वेळ असताना सुरूच्या झाडांमधून किनाऱ्यावर उतरलो. बूट काढायचंही भान राहिलं नाही, दोघी तशाच पाण्यात गेलो. नणंदेने माझा दंड घट्ट धरून ठेवला होता. लाट गुडघ्यापर्यंत आली, परत गेली, पुन्हा आली.

तिनेच भावाला फोन लावला. "दादा, पोचलो." तिकडून काहीतरी विचारलं असावं. "तिच्या गुडघ्याला काय धाड भरलीय? माझी सॅक घेऊन चढ चढली ती. थांब, देते." मी फोन कानाला लावला. "अहो," एवढंच म्हटलं आणि फोन जरा लाटांकडे धरला. तो म्हणाला, "ऐकतोय मी. समुद्र ऐकतोय."

ज्यांच्याकडे राहायची सोय केली होती त्या बाई दारातच उभ्या होत्या. आमच्याकडे पाहून मग आमच्या मागच्या रस्त्याकडे बघायला लागल्या. "सामान मागून येतंय का?"

"नाही हो. एवढंच."

त्यांचा विश्वास बसायला दोन मिनिटं गेली. मग त्यांनी ताट मांडलं. सकाळपासून काही न खाल्लेल्या नणंदेने मऊ भात, मेतकूट आणि तूप दोनदा मागून घेतलं. मी सोलकढीच्या तीन वाट्या प्याले.

दुसऱ्या दिवशी पाचला आपोआप जाग आली. एसटी नऊची होती. मला पायात ओले बूट सरकवताना बघून नणंदही उठली. आम्ही दोघी रिकाम्या हातांनी बाहेर पडलो आणि उजाडेपर्यंत किनाऱ्याच्या त्या टोकाला जाऊन आलो.